उत्तरदाता क्रमांक सतरा

अण्णा, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही फौजेत होतात तेव्हा ते काम आईचं होतं, आणि आम्हा भावंडांचा निकाल शेवटच्या ओळीत ‘मुलं मजेत’ या दोन शब्दांत लागायचा. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज मी लिहायला बसले त्याला कारण झालीय साखर. माझ्या प्रबंधाचं पुस्तक निघतंय. प्रकाशकांना पुढच्या आठवड्यात हस्तलिखित हवंय आणि मी गेले तीन आठवडे चौथ्या प्रकरणातल्या एका परिच्छेदापाशी अडून बसलेय. संरक्षण धोरण, रसद, लहान तुकडीतलं नेतृत्व, तुटवड्यातले निर्णय, बाकी सगळी प्रकरणं कशी कडक इस्त्री करून ओळीत उभी आहेत. हा एकटा परिच्छेद ओळ मोडतो, आणि त्यात तुम्ही आहात.

गावाला तुम्ही ‘मिलिटरीवाले’ म्हणून माहीत होतात. जाफराबादच्या स्टँडवर जीपवाला तुम्हाला पुढची सीट ठेवायचा, कारण त्याची समजूत अशी की तुम्ही दोन-चार चौक्या तरी एकट्यानं जिंकल्या असतील. प्रत्यक्षात तुम्ही बावीस वर्षं राशन सांभाळलंत. कुणी विचारलंच, “किती मारले वो तुमी?” तर तुम्ही शांतपणे सांगायचात, “मारले न्हाई, जेवू घातले. मोजले न्हाईत.” पेन्शनीत आलात आणि पहिल्या आठवड्यातच आईच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतलात. डाळीच्या, तांदळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या, पोहे माणशी दोन कलथे ठरले, आणि सकाळी सातनंतर उठणाऱ्याला चहा मिळेनासा झाला. आई शेजारणीला म्हणायची, “बाई, ह्यांना परत बोलावतेत का बघा की एखाद्या बॉर्डरवर.” तुम्ही ते ऐकायचात आणि एका नव्या डब्याला चिठ्ठी लावायचात.

तुमच्या रागाची एकच आठवण माझ्याकडे आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तुम्ही सुटीवर आलेले. मळ्यातली मोटर बंद केली का, असं तुम्ही विचारलंत आणि मी खेळातून मान वर न करता ‘हो’ म्हणाले. अर्ध्या तासानं टाकी भरून पाणी सगळ्या खळ्यात पसरलं. मला वाटलं, आता मार. तुम्ही मला समोर उभं केलंत आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, “पाणी गेलं त्याचं काई न्हाई. पण तू रिपोर्ट खोटा दिला. बघितलं नसंल तर बघितलं न्हाई म्हण. त्यात काय लाज हाय?” मार परवडला असता. त्या रात्री मी जेवले नाही, म्हणजे तसं दाखवलं. आईनं गुपचूप भाकरी दिली.

मी जालन्यात कॉलेजला संरक्षणशास्त्र घेतलं तेव्हा भावकीत बोभाटा झाला की पोरगी फौजेत चालली. फौजेत नाही, फौजेचा अभ्यास, हे मी दहा जणांना समजावलं. अकरावे तुम्ही होतात. तुम्ही बराच वेळ विचार करून म्हणालात, “फौजेचा अभ्यास? आमाला तर तिथं कुणी अभ्यास करू देत नव्हतं.” पण पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्या दिवशी तुम्ही तुमची काळी लोखंडी ट्रंक बाहेर काढलीत, तिच्यावरचं तुमचं नाव आणि नंबर घासून काढलात आणि पांढऱ्या रंगानं माझं नाव घातलंत, नावाआधी ‘डॉ.’ लावून. पदवीला अजून पाच वर्षं होती. नवीन जालन्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत ती ट्रंक आली तेव्हा घरमालकीण लगेच गुडघा दाखवायला आली. तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणारी मी रोज त्या ‘डॉ.’कडे बघून कागद आत ठेवायची. पदवी मिळाली नसती तर कायमची नोकरी गेलीच असती, वर ट्रंकही रंगवावी लागली असती.

मग तो मुलाखतीचा दिवस. माझ्या प्रश्नावलीला माजी सैनिक हवे होते आणि चाळीस जमता जमत नव्हते. तुम्हाला मी सतरावे केलं. नाव गुप्त राहील, अशी लेखी हमी मी माझ्या बापाला दिली, आणि तुम्ही ती चष्मा लावून पूर्ण वाचलीत. स्वयंपाकघरात पाटावर ताठ बसून तुम्ही एकेक प्रश्न सोडवत होतात. चौदाव्या प्रश्नाला थांबलात. साधनांचा तुटवडा असताना वाटप कसे केले? अ, समान. ब, गरजेनुसार. क, हुद्द्यानुसार. ड, वरिष्ठांच्या आदेशानुसार. तुम्ही म्हणालात, “बाई, ह्याच्यात माझं न्हाई.” बाहेर जीप हॉर्न वाजवत होती, ती गेली तर जालन्याची एसटी गेली. मी म्हणाले, “जवळचं असंल त्याला टिक करा अण्णा, जल्दी.” तुम्ही ‘अ’वर टिक केलीत, आणि खाली तारीख-वेळ घालून सही केलीत. सही नको होती, हमीत तसं लिहिलं होतं. पण मी फॉर्म ओढून पळाले.

त्या एका टिकवर मी चौथ्या प्रकरणात साडेतीन पानं लिहिली, अण्णा. त्याआधी कधीतरी तुम्ही जेवताना सांगितलं होतं की बर्फानं वाट बंद झाली, खेचरं वर येईनात आणि साखर कमी पडली. मी ती हकिकत आणि ती टिक एकत्र केली. ‘उत्तरदाता क्रमांक १७ याने उपलब्ध साखरेचे समान वाटप करून सहभागी नेतृत्वाचे उदाहरण घालून दिले.’ पुढे आकृतीही होती. माझ्या मार्गदर्शक सरांना ती इतकी आवडली की त्यांनी ती त्यांच्या दोन व्याख्यानांत वापरली.

खुली मौखिक परीक्षा विद्यापीठात होती. तुम्ही पहाटेची एसटी धरून जालन्याला आलात, ब्लेझर आणि सगळी पदकं लावून. तिथून आपण रेल्वेनं निघालो. बदनापूर मागं पडल्यावर तुम्ही विचारलंत, “जेवायला किती माणसं?” उमेदवारानं परीक्षकांना आणि विभागाला जेवू घालायचं, हा रिवाज तुम्हाला इतका आवडला की आचारी तुम्हीच ठरवला होता आणि वाढायलाही तुम्हीच उभे राहणार होतात. दुसरा रिवाज मी तुम्हाला सांगितला नव्हता. शेवटी अध्यक्ष विचारतात, ‘उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का?’ तेव्हा विचारायला उमेदवारानं आपल्या दोन मैत्रिणी पेरून ठेवायच्या असतात, प्रश्नांसकट, आणि उत्तरं पाठ करून यायचं असतं. माझ्या दोघी तिसऱ्या रांगेत चिठ्ठ्या घेऊन बसल्या होत्या.

सगळं बराबर चाललं होतं. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावत होते. पडद्यावर साखरेची आकृती आली तेव्हा मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली, पण मी तिकडं पाहिलं नाही. पहिल्या मैत्रिणीनं प्रश्न विचारला, मी थोडा विचार केल्यासारखं करून उत्तर दिलं. दुसरी उठायच्या आत तुम्ही उठलात. सावधान झालात. “सायेब, बोलू का?” अध्यक्षांना वाटलं कुणीतरी निवृत्त मोठे अधिकारी आहेत. ते म्हणाले, “अवश्य, सर!” आणि तुम्ही म्हणालात, “सतरा नंबर मीच हाय.”

सभागृह हसलं. मार्गदर्शक सरांनी कपाळाला हात लावला, कारण गोपनीयतेवर त्यांनी मला एक अख्खं उपप्रकरण लिहायला लावलं होतं. तुम्ही हसलाबिसला नाहीत. “ते पडद्यावर लिव्हलं, तसं झाल्तं न्हाई. मी साखर बराबर वाटली न्हाई. एका दिवसाची होती अन् पाच दिवस काढायचे होते. बराबर वाटली असती तर रोजचा चहा ना गोड ना फिक्का, अन् पोरं एकमेकांच्या मगात बघत बसली असती. मंग मी पहिल्याच दिवशी सगळी टाकली. एक दिवस लग्नातल्यावानी चहा. पुढचे चार दिवस फिक्का. पोरं मला शिव्या देऊन राह्यली होती, पण सगळी मिळून. आपसात एक भांडण न्हाई झालं. शिव्या खायला तुकडीत एक माणूस लागतो, सायेब. तो सुभेदारसायेब नको. मंग मी झालो.”

परीक्षकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले. “मॅडम, हे फार महत्त्वाचं आहे. हे तर तुमच्या निष्कर्षाच्या बरोबर उलट जातं. काय म्हणणं आहे तुमचं?” म्हणणं सरळ होतं. प्रश्नावली चुकीची होती, पर्याय कमी होते, आणि उत्तरदात्यानं तेव्हाच तसं सांगितलं होतं. पण हे म्हटलं की प्रबंध दुरुस्तीला परत, आणखी वर्षभर तासिका, आणि कॉलेजात कायमची जागा निघाली होती ती दुसऱ्या कुणाला. मी पदर सावरला आणि म्हणाले, “सर, मूळ नोंद ‘अ’ आहे, त्यावर उत्तरदात्याची सही आहे. इतक्या वर्षांनंतर वयोमानानुसार स्मरणात फरक पडू शकतो. अभ्यासाच्या मर्यादांमध्ये मी ते नमूद केलं आहे.”

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं आता मोटर निघणार, टाकी निघणार, सगळं निघणार. तुम्ही परीक्षकांकडे वळून म्हणालात, “हां सायेब. तसं बी असंल. वय झालं.” आणि बसलात. तुम्हाला बावीस वर्षांतल्या प्रत्येक ठाण्याचा शिधा तोंडपाठ होता, अण्णा. आईच्या डब्यात चमचाभर जिरं कमी झालं तरी कळायचं. खोटा रिपोर्ट तुम्ही आयुष्यात एकदाच दिलात, तोही माझ्यासाठी, आणि पदकं लावून.

अध्यक्षांनी पदवीची शिफारस जाहीर केली, टाळ्या झाल्या. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात, आपण रोज फोनवर बोलत होतो, आणि साखरेचा विषय तुम्हीही काढला नाहीत, मीही नाही. आता माझ्याच हाताखाली चार विद्यार्थी पीएच.डी. करतात. त्यांच्या प्रश्नावलीत शेवटचा पर्याय ‘यापैकी नाही, सविस्तर सांगा’ असा असला पाहिजे म्हणून मी त्यांचा जीव खाते. ते माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्या बाबतीत चौघांची चांगली एकजूट आहे.

काल मी तो परिच्छेद बदलला. साडेतीन पानं काढली, तुम्ही उभं राहून जे बोललात ते जसंच्या तसं घातलं, आणि प्रस्तावनेत लिहिलं की प्रबंधातला हा निष्कर्ष चुकीचा होता आणि चूक संशोधिकेची होती, उत्तरदात्याची नव्हे. मार्गदर्शक सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “माझ्या व्याख्यानांचं आता काय करू?” हे पत्र मात्र कुठं जायचं नाही. पुस्तकातही नाही. कारण एक गोष्ट मला प्रस्तावनेत लिहिता आली नाही.

आईला मी आजवर सांगत आले की अण्णा खाली बसले तेव्हा माझ्या पोटात तुटलं. तसं काही झालं नव्हतं. तुम्ही बसलात आणि मला वाटलं, सुटले बाई. नंतर तुम्ही ब्लेझरच्या बाह्या वर करून पंगतीत वाढत होतात, माझ्या पानाशी आलात, “घे बाई, सकाळपासून उपाशी हायेस” म्हणालात, आणि अण्णा, मी दोनदा मागून घेतलं.