जुना डेटाबेस, नवा डेटाबेस आणि चौदा दुकानं

५ ऑगस्ट, सोमवार
आमच्या औषध-गोदामाच्या मालकीण बॉन्टी मॅडमनी बोलावलं. "यिआडोम मामा, आपला डेटाबेस ठेवायचा की नवा घ्यायचा? फायदे-तोटे लिहून द्या. महिनाअखेरपर्यंत."
सोळा वर्षांपूर्वी मीच बांधलाय तो! म्हणजे नवऱ्यालाच विचारायचं — दुसरा करू का? लिहितो की. असं लिहितो की पुन्हा नाव काढणार नाहीत.

८ ऑगस्ट
नव्या डेटाबेसचा विक्रेता आला, राजधानी अक्राहून. आग्बेको नाव. कुमासीच्या उकाड्यात कोट!
"मामा, तुमचं हे तर म्युझियममध्ये शोभेल."
तेवढ्यात वीज गेली. नेट गेलं. त्याचं सगळं ठप्प. माझं बॅटरीवर मजेत चालू. "म्युझियम उघडं आहे, या," म्हटलं. बिचाऱ्यानं पाणी मागितलं.

१४ ऑगस्ट
नव्याचे तोटे: नेट लागतं, सगळ्यांना शिकवायला लागणार, दोन महिने कामाचा विचका. फायदे: रंग बरे आहेत.
जुन्याचा तोटा एकच सापडला — माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. तो पेन्सिलीनं लिहिला.

२० ऑगस्ट
गोदाम सांभाळणाऱ्या पोकुआनं आपली सगळी नोंद नव्यात उतरवून पाहिली. आमच्या भाषेतली दोन खास अक्षरं तिथं पोचली की प्रश्नचिन्ह! अर्ध्या औषध दुकानांना स्वतःचंच नाव आठवेना. पोट दुखेस्तोवर हसलो. पोकुआ हसली नाही. दुपारपर्यंत दुरुस्त करून मोकळी. आगाऊ पोरगी.

२२ ऑगस्ट
कारखान्याचं पत्र. मुलांचं मलेरियाचं सिरप — एक बॅच कमजोर निघाली. ताबडतोब परत मागवा.
मी जुन्यात शोधलं. एकोणतीस दुकानं. यादी घेऊन ऐटीत उठलो.
"मामा, माझ्याकडे त्रेचाळीस येतात," पोकुआ म्हणाली.
"मग तुझं चुकलंय."
तिनं चौदा पावत्या समोर ठेवल्या. 
बॅच नंबरला वेगळा रकाना मी कधी केलाच नव्हता. शेऱ्यात लिहायचे सगळे, ज्याला जसं सुचेल तसं — कुठं रेघ, कुठं जागा, कुठं नुसते शेवटचे चार आकडे. जे नीट लिहिलं तेवढंच सापडायचं. नव्यात उतरवण्याआधी तिनं आठवडाभर बसून सगळे नंबर वेगळ्या रकान्यात घातले होते.
चौदा दुकानं. तापानं फणफणलेली पोरं आणि हातात ती बाटली.
जेवायला वाच्ये, म्हणजे चवळी-भात, मागवलं होतं. ते बाजूला सारलं. दोघांनी मिळून फोन केले.

२३ ऑगस्ट
बहुतेक बाटल्या परत. एजुरा गावच्या दुकानातून दोन विकल्या गेल्या होत्या. दुकानदारीणबाई स्वतः घरोघर गेली. दोन्ही पोरं ठीक!
मॅडम: "शाब्बास! कोणी शोधलं?"
"कॉम्प्युटरनं," मी म्हणालो. पोकुआनं माझ्याकडे पाहिलं. 

२९ ऑगस्ट
अहवालाची सात पानं फाडली. एकच लिहिलं: नवा घ्या. पोकुआच्या हाती द्या. चौदा दुकानं माझ्यामुळे यादीतून सुटली होती, हेही लिहिलं. हलकं वाटलं. उद्या देतो.

३० ऑगस्ट
देण्याआधी सहज २०१७ साली परत मागवलेल्या बॅचचा नंबर नव्यात टाकून पाहिला. तेव्हा मी एका सकाळीत एकतीस दुकानं शोधली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.
होती सेहेचाळीस.