कानाचा दिवा पास होईना

३ जून, माधवनगर

शॉकची चाचणी! आमच्या कानाच्या दिव्याला! आत दोन पेन्सिल सेल, शॉक कुठून बसणार? डॉक्टर कानात बघतात तो साधा दिवा. तरी शॉकचा, तापण्याचा, पडण्याचा दाखला हवा — नाहीतर परवाना नाही. परवाना नाही तर दिवे बनवायच्या आमच्या शेडला कुलूप.

पुण्याच्या सल्लागार पल्लवी मॅडम फोनवर सगळं समजावतात. मी "हो, हो" म्हणते. फोन ठेवला की डोकं रिकामं!

७ जून

शॉकमध्ये पास. तापण्यात पास. वरून फरशीवर टाकला तरी पेटतोय. मग अडलं कुठे?

९ जून

अडलं नळीत. कानात जाणारी प्लास्टिकची नळी कातडीला सोसते का, ते बघायचं — सशावर! पाठीवरची लव काढून तिथे नळीचा तुकडा लावून ठेवतात म्हणे. "नंतर सशाचं काय करतात?" विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते आपण विचारायचं नसतं."

जेवताना मामंजींना बोलून बसले. सासरे माझे पक्के जैन, चातुर्मासात पालेभाजीसुद्धा सोडणारे! ताट सारलं. "आपल्या दिव्यापायी मुक्या जिवाला तरास न्हाई द्यायचा. शेड बंद करूया."

ससे मलाही नकोत. पण शेडमध्ये दिवे जोडणाऱ्या अंजनाला, बाकीच्या बायकांना कोणत्या तोंडाने सांगू, उद्यापासून येऊ नका? दोन्हीकडून माझंच मरण.

१० जून

सशाशिवायही चाचणी होते म्हणे. मग आधी का नाही सांगितलं? "वेळ फार लागेल," मॅडम म्हणाल्या. थांबायचं की नको? काहीच कळत नाही.

१४ जून

मॅडमचा फोन! ज्या प्लास्टिकच्या दाण्यापासून नळी होते, तो पुरवणाऱ्याकडे त्याच्या तपासणीचा दाखला असेल, तर आपल्याला नवी चाचणी करायला नको. नाचावंसं वाटलं! मामंजीही खुलले. "मग चालू दे की!"

दाणा साताऱ्याच्या तानाजीकडून येतो. "बघतो वैनी," म्हणाला.

१६ जून

तानाजीचा फोन. "आवं वैनी, काळजी मिटली! दाण्याची तपासणी कवाच झालीया. सशांवर. तुमी दिवं करायला लागायच्या आदीच."

म्हणजे आमच्या पहिल्या दिव्यापासून ससे होतेच!

मामंजी दारात. "ससं लागलं न्हाईत न्हवं?"

"नाही," म्हटलं.

"लाज राखलीस, पोरी." आणि बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, अभिषेकाला गेले. मी शेड उघडली.