चार तारांचा बास शकिलाकडेच जाईल

मी, उमादेवी संगप्पा बिराजदार, वय ५३, राहणार लातूर, धंदा ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणे आणि इतरांनी बिघडवलेली वाद्यं दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून स्वतःच्या हातानं लिहीत आहे. दडपण कोणाचं नाही. राग आहे, तो कायद्याला चालतो, असं शेजारचे अमृतराव वकील सांगतात. आज दवाखान्यात भरती व्हायचं आहे, उद्या हृदयाचं ऑपरेशन.

कलम १. माझ्या कमाईच्या दोन खोल्या भावजय पार्वतम्मा हिला, एकटीच्या नावे. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा भाऊ ईश्वरप्पा, तिथं राहू शकेल. किती दिवस, ते ती ठरवेल.

कलम २. माझ्या मातीला ऑर्केस्ट्रा आणू नये. ईश्वरप्पा माइक धरल्याशिवाय राहणार नाही.

कलम ३. माझा बास, त्याचा अॅम्प्लिफायर आणि हत्यारांची पेटी शकिला लालमहंमद हिला. शकिला आमच्या ड्रमवाल्याची मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. ईश्वरप्पा पडला ऑर्केस्ट्राचा मालक. त्याला हा बास माझ्या फोटोखाली हार घालून टांगायचा आहे. "भिंतीवर लई शोभंल," असं तो पार्वतम्माला माझ्यासमोर म्हणाला. मी तेव्हा चहा पीत होते.

गेल्या खंडेनवमीला त्यानं हत्यारांसोबत बासही पूजला. पूजेला माझी ना नाही. पण यानं कुंकू तेलात कालवून व्हॉल्यूमच्या बटणावरच बोटं ओढली. तेल आत उतरलं. बटण फिरवलं की भज्यांच्या कढईसारखं चर्र. मी बटण खोलून साफ केलं, तर म्हणतो, "अक्का, देवाचं कुंकू पुसलीस!"

मग दुष्काळ. गावाला पाणी रेल्वेनं येऊ लागलं, तिथं लाकडाला ओल कुठली? बासची मान सुकून मागं वाकली, तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर टेकून खरखरू लागल्या. अशा वेळी मानेतली सळई पाव फेरा सैल करायची, लाकडाला एक दिवस द्यायचा, मग सूर लावायचा. मी तापानं पडले होते. ईश्वरप्पानं पेटीतली किल्ली घेतली आणि तीच सळई कचकचून आवळली. खरखरतंय म्हणजे काहीतरी ढिलं झालंय, हे त्याचं शास्त्र.

लगेच उदगीरला नव्या जिल्ह्याच्या मागणीचा मेळावा. प्यायला टँकर, पण जिल्हा आजच पाहिजे. मी वाजवायला बसले, तर एकेक सूर पत्रा ओढल्यासारखा. ईश्वरप्पानं माइकवर सांगितलं, "आमच्या अक्काचं वय झालं, सांभाळून घ्या!" लोक खदखदून हसले. दुसऱ्या दिवसापासून माझी जागा कीबोर्डवाल्याला. शकिलाला घे म्हटलं तर, "पोरगी? बासवर? लोक काय म्हणतील?" मग तीस वर्षं मी स्टेजवर कोण होते, बैल?

शकिला, तुला सूचना: खरखर कुठं येते ते आधी ऐक, मग किल्ली उचल. डोक्याकडच्या पट्ट्यांवर आली तर मान बघ, पोटाकडच्या पट्ट्यांवर आली तर ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी. पावसाळ्यात लाकूड फुगलं की सळई थोडी आवळावी लागेल. आणि "दे इकडं, मी बघतो" म्हणणाऱ्या पुरुषाच्या हाती किल्ली देऊ नकोस, मग तो तुझा बाप का असेना.

कलम ४. हे आत्ता वाढवत आहे. ईश्वरप्पा जीप घेऊन आला, उभ्या उभ्या वरचं सगळं वाचलं.

"अक्का, हे काय लिहायलीस? चल, डॉक्टर थांबलेत."

"आधी साक्षीदार म्हणून सही कर."

"माझ्याच विरुद्ध?"

"म्हणूनच. उद्या तुला म्हणता येणार न्हाई, अक्का भ्रमिष्ट होती म्हणून."

"न्हाई केली तर?"

"तर जीप रिकामी ने."

पार्वतम्मा आतून ओरडली, "करा की हो! पेन तरी धरता येतंय न्हवं?"

तो रडला. त्याला रडणं चांगलं जमतं. मी माफ केलेलं नाही, हे इथं नोंदवते. सहीखाली त्यानं स्वतःहून काय लिहिलं, ते मी खोडलेलं नाही.

लिहून देणार: उमादेवी संगप्पा बिराजदार

साक्षीदार:
१. अमृतराव, वकील, शेजारी
२. ईश्वरप्पा संगप्पा बिराजदार, भाऊ. वाचून सही केली. पुढच्या महिन्यात किल्लारीला शकिला वाजवेल. अक्कानं समोर बसून ऐकावं.

लातूर, १८ मे २०१६