चाकांवरचं घर, चिखलोलीपर्यंत

१४ जानेवारी १९९४, संक्रांत. अंबरनाथ.
वृंदाकडे हळदीकुंकू. वृंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. आत्ताच भावाकडे ऑस्ट्रेलियाला जाऊन आली. वाण प्लॅस्टिकचं. तिळगूळ दगड. आणि वर फोटोंचे अल्बम. बायका कुंकू लावून उठायच्या, तर उठेचनात.
तिकडे म्हणे गाडीच्या मागे घर जोडतात. कॅराव्हान. आत पलंग, शेगडी, बेसिन. खेड्याखेड्यातून हिंडायचं, रानात थांबायचं, बाहेर खुर्च्या टाकून बसायचं. नवरा-बायको महिनाभर असे हिंडले. मी म्हटलं, आमच्या इकडे धनगर हिंडतात असे, पण ते फोटो दाखवत नाहीत. कोणी हसलं नाही.
कॅम्पिंग म्हणतात त्याला. उल्हासनगरात फाळणीच्या निर्वासितांचे पाच कॅम्प आहेत. बस की तिथे खुर्ची टाकून.
मला हेवाबिवा अजिबात नाही.
तिकडे ती रोज डायरी लिहायची म्हणे. म्हणून मीपण आजपासून. चौथीपर्यंत शिकलेय मी.

१५ जानेवारी
एक फोटो डोळ्यापुढून हलत नाही. वृंदा खुर्चीत पाय पसरून बसलीय, मागे पांढऱ्या खोडांची झाडं. आणि गुरुदत्तभावजी वाकून तिच्यापुढे कप धरतायत. वाकून! मी लग्न होऊन आले तेव्हा हा माझा दीर हाफ पॅण्टीत होता. शेंबूड मी पुसलाय त्याचा.
आमच्या ह्यांनी मला आजवर पाण्याचा पेला दिलेला नाही. विचारलं, तो फोटो बघितलात का? हे म्हणाले, बघितला, टायर नवे दिसले.

१७ जानेवारी
ठरलं. आपण पण जायचं. बारवी धरणावर, मुक्कामाला. मी खुर्चीत बसणार. हे स्टोव्ह पेटवणार, चहा करणार, माझ्या हातात देणार. त्याचा फोटो. पुढच्या संक्रांतीला माझाही अल्बम. वृंदाला पहिल्या रांगेत बसवणार.
कॅराव्हानचं काम झालं. ह्यांचा मित्र चंदर, त्याचं उल्हासनगरला फर्निचरचं दुकान आहे. त्याच्या टेम्पोत दिवाण असतो, खुर्च्या असतात. घरच की ते.

२० जानेवारी
चंदरकडे गेले. म्हणाला, भाभी, टेम्पोत लग्नाचा माल जातो, पिकनिक कोण नेतं? मी म्हटलं, ऑस्ट्रेलियात सगळे नेतात. म्हणाला, तिकडे माझी डिलिव्हरी नाही. मी हटले नाही. रविवारी देतो म्हणाला, स्वतः चालवणार. अट एकच. दिवाणाचं प्लॅस्टिक काढायचं नाही, सोमवारी तो मांजर्लीच्या गिऱ्हाइकाकडे जायचाय.

२२ जानेवारी
ह्यांना चहा शिकवला. आधी स्टोव्हला पिन मारताना रॉकेल सांडलं. मग विचारतात, आलं किसायचं कशाला, तसंच टाकलं तर? पण शेवटी रंग चांगला आला. केला आणि उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला. असू दे. उद्या मला देतीलच.
वृंदाला सांगितलं. म्हणाली, अय्या वहिनी, आम्ही पण येतो स्कूटरवर! ये म्हटलं. बघायला कोणीतरी पाहिजेच. कॅमेरा आण म्हटलं.

२३ जानेवारी, रविवार, सकाळी ७
टेम्पोला पडदे लावले. जांभळी साडी. आता बघा म्हणावं.

२३ जानेवारी, संध्याकाळी. घरी.
चिखलोलीला टेम्पो बंद पडला. अंबरनाथ अजून मागे दिसत होतं. चंदर मेकॅनिक आणायला गेला. वृंदा म्हणाली, वहिनी, तिकडे आमची पण गाडी बंद पडलेली. हिचं सगळं आधी तिकडे झालेलंच असतं.
मी म्हटलं, कॅम्पिंग कुठेही होतं. खुर्ची उतरवा. बाभळीखाली बसले, पाय पसरून. ह्यांनी स्टोव्ह पेटवला. आल्याचा वास सुटला. वृंदाने कॅमेरा डोळ्याला लावला. हे कप घेऊन निघाले.
तेवढ्यात फॅक्टरीची पाळी सुटली.
दोघं जण आले. मामा, नवीन गाडी लावली काय? दोन कटिंग द्या. मी म्हटलं, ही चहाची गाडी नाही, घर आहे. तर म्हणे, मावशी, घर तर घर, साखर कमी टाका. आणि हे हसले! माझा कप दिला त्याला. तो पिऊन म्हणाला, वा मामा! ह्या माणसाला जन्मात कोणी वा म्हटलं नव्हतं. पाघळलेच.
मग लाइन लागली. ट्रक थांबले. पैसे घेतले नाहीत, पाहुणे आहेत म्हणे. वृंदानेही घेतला, गुरुदत्तभावजींनी दोनदा. कप कमी पडायला लागले म्हणून मी विसळायला उठले, तर खुर्चीत ट्रकचा क्लीनर. माझा नंबर येईपर्यंत दूध संपलं.
दिवाणावर चौघं बसून प्लॅस्टिक फाटलं. चंदर सिंधीत बोलला, पण कळलं. टेम्पो चालू झाला तो घराकडे.

३० जानेवारी
टेम्पोच खराब होता. माझ्या प्लॅनमध्ये काही चूक नाही.
आज रस्त्यात कोणीतरी ह्यांना मामा म्हणून हाक मारली. हे म्हणतात, पुढच्या रविवारी परत चिखलोलीला जाऊ या. मी म्हटलं, जाऊ या म्हणजे कोण? म्हणाले, मी आणि स्टोव्ह. कप कोण धुणार विचारलं. तेव्हा म्हणाले, अरे हो, तू पण चल.

६ फेब्रुवारी
गेलो नाही. वृंदा फोटो घेऊन आली. सगळे ह्यांचेच. हसतायत, वाकून वाकून कप देतायत. खुर्चीत क्लीनर, पाय पसरून. एकात मागे मी, बादलीपाशी, अर्धीच.
मी म्हटलं, तुझं बरं आहे बाई, तुला नवरा हातात चहा देतो. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, तो फोटो, पांढऱ्या झाडांचा. आधी हसली. मग म्हणाली, वहिनी, तो कप रिकामा आहे. धुवायला देतायत. महिनाभर दोन्ही वेळचा चहा मीच केला.
म्हणजे इतक्या लांब जाऊन हिने भांडीच घासली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण खुर्ची तर होती ना तिच्याखाली!
आतून ह्यांची हाक, चहा टाक गं. वृंदा सवयीने उठायला लागली. मी म्हटलं, बस खाली.
केला. ह्यांच्या आधी तिच्या हातात दिला. कान तुटलेला कप, फार लाड नकोत. तिने घोट घेतला. म्हणाली, छान झालाय वहिनी, पण दादांच्या हातच्यासारखा नाही.
असेल. मी कुठे प्यायलेय.