आईंची नोकरी

४ फेब्रुवारी

माझ्या सासूबाई नोकरीला आहेत! गेली काही वर्षं. आमच्याच टाइल्सच्या दुकानात. हुद्दा — डिझाइन सल्लागार. पगार माझ्याहून जास्त! आणि मला हे आज कळतंय.

सकाळी चहा घेतला की नाही हे ज्यांना दुपारी सांगता येत नाही, त्या आई गिऱ्हाइकांना बाथरूमच्या भिंतीचे रंग सुचवतात म्हणे. कागदावर. पगार आईंच्या खात्यात जातो, तिथून गुपचूप शेठच्या खात्यात परत येतो. (नवऱ्याने दुकान काढल्यापासून मी त्याला शेठ म्हणते. त्याला वाटतं कौतुकाने.)

कर खात्याची नोटीस आली म्हणून हे बाहेर पडलं. महिनाअखेरीला अधिकारी घरी येऊन आईंशी बोलणार आहेत.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू उगाच डोक्याला लावून घेतेस.’

घेतेच!

५ फेब्रुवारी

करसल्लागार येऊन गेले. गोड माणूस. सोफ्याच्या अगदी कडेला बसतात, कधीही उठून पळायला मोकळे. मी सरळ विचारलं, ही चोरीच ना? दुखावले बिचारे.

‘वहिनी, कर टाळणं वेगळं, चुकवणं वेगळं. घरच्या माणसाला कामाचा पगार दिला, नफा कमी दिसला, कर कमी झाला — हे टाळणं. कायद्यात बसतं.’

‘पण आई कुठे काम करतात?’

‘करत नसतील तर मग ते चुकवणं.’ आणि हसून म्हणाले, ‘म्हणूनच त्या काम करतात.’

म्हणजे सगळं आईंच्या तोंडावर अवलंबून. शेठने मान डोलावली. मी चहाचे कप उचलून आत गेले, जरा आपटूनच ठेवले.

६ फेब्रुवारी

भांडण. मी म्हटलं, माझ्या पगारातून हातात पडायच्या आधीच कर कापून घेतात, मी कधी कुरकुर केली? तर म्हणतो, ‘तुझा कापतात म्हणून तू भरतेस. तुला विचारून घेतला असता तर बघितलं असतं.’ खरंही असेल. म्हणून जास्तच राग आला.

पुढे नेहमीचं सुरू — मोठे लोक कंपन्याच परदेशात नेऊन ठेवतात, दुकानासमोरचा खड्डा बघ, मीच का भरू? खड्डा खरा आहे. पण आमच्या सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं मशीन बंद पडून बसलंय, दुरुस्तीला पैसे नाहीत. आज एका हमालाला मी ‘बाहेरून करून आणा’ म्हणून सांगितलं. तो तसाच चिठ्ठी घेऊन बाकावर बसून राहिला. तो साबण घेतो तेव्हा कर भरतो, चप्पल घेतो तेव्हा भरतो. त्याला टाळताही येत नाही आणि चुकवताही येत नाही.

८ फेब्रुवारी

आईंची उजळणी घेतली. डॉक्टरांनी सांगितलंय — रोज त्यांच्याकडून जे म्हणवून घ्याल तेवढं टिकेल, बाकीचं ओसरत जाईल. म्हणून संध्याकाळी मी आले की आम्ही दोघी खिडकीत बसतो आणि शाळा भरवतो. आईंची अख्खी हयात प्राथमिक शाळेत गेली. वर्गातला एकेक बाक, पोरांची टोपणनावं अजून पाठ आहेत!

‘खिडकीजवळचा पहिला बाक?’

‘उचकी. आणि तिच्या शेजारी मुकी मैना. ती बोलायला लागली ना, तेव्हा अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या!’ मग नेहमीसारखं — ‘उचकी आता कुठे असेल गं?’

शेठ लहानपणी एकदा शाळेतला खडू खिशात घालून घरी घेऊन आला होता. आईंनी कान धरून परत द्यायला पाठवलं. एक खडू! हे आई हसत सांगतात. आज तो बाहेरच्या खोलीत होता. ऐकलं असणारच.

१० फेब्रुवारी

शेठला नाही म्हणून ठणकावून सांगितलं. मी आईंना खोटं पढवणार नाही.

११ फेब्रुवारी

पढवणार आहे.

करसल्लागारांनी कागद दाखवले. प्रत्येक पानावर आईंची सही. तीच ती गोल, वळणदार — ज्या सहीने पोरांची प्रगतिपुस्तकं घरी गेली. शेठ पानं पुढे करत गेला, आई करत गेल्या. मुलगाच तो, वाचायचं कशाला? आता खोटं ठरलं तर पहिल्या खोट्या आई ठरतात. या वयात! दंडाचं काय, भरू. पण आईंच्या नावाला हे चिकटलं तर?

बाहेर पडताना शेठ म्हणाला, ‘तुझंच ऐकतात त्या.’ किती सोपं करून टाकलं!

१२ फेब्रुवारी

सुरुवात. पद्धत आईंचीच — मोठ्याने म्हणायचं, चुकलं की पहिल्यापासून. पाढे असेच शिकवले त्यांनी.

‘आई, तुम्ही कुठे काम करता?’

‘शाळेत.’

‘नाही, दुकानात. मुलाच्या दुकानात. मी डिझाइन सल्लागार आहे. म्हणा.’

म्हणाल्या. मग हळूच — ‘पण अगं, मी शाळेत होते ना? हे खोटं नाही का?’

‘थोडेच दिवस, आई.’

माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात कुणी गृहपाठ केला नसला की बघत असतील तशा. मग मुकाट्याने पुन्हा म्हणाल्या. शाळेची उजळणी आज राहिली. दोन्ही केलं की गोंधळ होतो.

१५ फेब्रुवारी

शेठने आईंना दुकानात नेलं. म्हणे, पाय लागला की खोटं अर्धंच राहतं! काय पण हिशेब.

आईंनी तिथे एका बाईंना ठणकावलं — ‘ही ग्लॉसी घेऊ नका, ओली झाली की घसरते!’ गिऱ्हाईक गेलं. सगळे पोट धरून हसले. घरी आल्या तर चेहरा फुललेला. जेवताना दोन वेळा मागून घेतलं. कधी नव्हे ते मला बरं वाटलं. आपण फार वाईट काही करत नाही, असंसुद्धा वाटलं.

१८ फेब्रुवारी

आता अडखळत नाहीत. कधीपासून? काय काम करता? पगार कुठे जमा होतो? धडाधड. शेठ म्हणतो, ‘माझ्यापेक्षा आईच बरी बोलते.’

गंमत म्हणून विचारलं, खिडकीजवळचा पहिला बाक?

‘ग्लॉसी,’ आई म्हणाल्या. ‘आणि शेजारी मॅट.’

हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची. आईसुद्धा हसल्या. मीसुद्धा.

२१ फेब्रुवारी

सकाळी आई पर्स घेऊन दाराशी उभ्या. ‘उशीर होतोय गं दुकानाला.’ मी म्हटलं, आज सुट्टी. पर्स मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या होत्या.

नोटीस मिटली की पुन्हा शाळा. एकदाची होऊन जाऊ दे भेट.

२५ फेब्रुवारी

अधिकारी आली. आमच्या धाकट्या जावेएवढी असेल, केस घट्ट बांधलेले. चप्पल दाराबाहेर काढली, आईंना नमस्कार केला. मला तिचं आदबीने वागणंच सहन होईना.

आईंनी पट्टीने आखल्यासारखं सांगितलं. हुद्दा, काम, पगार. वर आपल्या पदरचं — ‘न्हाणीघरात खडबडीतच घ्यावी हो, माणसं पडतात.’ ती पोरगी हसली. लिहून घेतलं. आईंची सही घेतली. निघताना म्हणाली, ‘आजी, या वयात इतकं काम करता, कौतुक आहे तुमचं.’

आई लाजल्या. मी जमिनीकडे बघत होते. आमच्याच दुकानाच्या टाइल्स.

२६ फेब्रुवारी

करसल्लागारांचा फोन. आता काही निघायचं नाही म्हणाले. ‘टाळणंच ठरलं, वहिनी!’ शेठने आइस्क्रीम आणलं. आईंच्या वाटीत तीन चमचे जास्त.

मला जाईना. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पण सुटलो, हे खरं. आईंच्या नावाला काही लागलं नाही. उद्यापासून शाळा.

२७ फेब्रुवारी

खिडकीत बसलो. ‘आई, पहिला बाक? उचकी आठवते ना?’

‘कोण उचकी?’

‘तुमच्या शाळेतली.’

आई हसल्या. ‘शाळेत कधी होते गं मी? मी दुकानात. मुलाच्या दुकानात. मी डिझाइन सल्लागार आहे.’

एक शब्द चुकला नाही.