बाळनं ऐकलेलं हृदय

कल्याण, ४ जानेवारी १८८७

बाळ म्हणाला, हृदय गेलं आहे! आधी वाटलं, थट्टा करतो आहे. लहानपणापासूनचा दोस्त, खोड ठाऊक. पण चेहरा पडलेला होता.

परवा वर्गात शिकवताना छातीत जळजळलं, घाम सुटला. म्हणून सगुणेनं त्याला बोलावून घेतलं. ओटीवर दोघं काही बोलले, मग तो आत आला. छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिला. "मधु, वर्ष काढशील की नाही, सांगवत नाही. शाळेतून रजा घे. जिना चढू नकोस. काय मार्गी लावायचं ते लाव."

मुंबईला डॉक्टरकी शिकून आलेला माणूस. त्याला काय विचारायचं?

७ जानेवारी

मार्गी लावायची एक मालनच. बारावं लागलं. पोरीला शिकवायचं, सोळाच्या आत लग्नाचं नाव नको — हा माझा हट्ट. त्यापायी तळ्यावर बायका सगुणेला टाकून बोलतात. हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही.

आज सगुणा रडली. "तुमच्या माघारी हिला कोण करून घेईल? डोळ्यांदेखत होऊ दे ना!" ठाण्याच्या वकिलांच्या मुलाचं स्थळ आहे.

हो म्हटलं.

१० फेब्रुवारी

लग्न झालं. मला पाटावर बसवून ठेवलं होतं, उभं राहू देईनात. मालन निघताना रडली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, आता बरं वाटेल ना तुम्हांला?"

११ फेब्रुवारी

घर ओकंबोकं.

२ एप्रिल

रजा वाढवायची तर ठाण्याच्या साहेब डॉक्टरचा दाखला हवा. सकाळच्या गाडीनं गेलो. साहेबानं तपासलं, अंगणात भराभर चालायला लावलं, पुन्हा तपासलं — आणि हसला! हृदयाला काही झालेलं नाही, पित्ताचा त्रास आहे. त्यानं विचारलं, कुणी सांगितलं हे? बाळचं नाव घ्यायची लाज वाटली.

जगणार! रस्त्यात एकटाच हसलो. मग मालन आठवली.

तसाच वकिलांकडे गेलो. सासूबाई म्हणाल्या, "कामात आहे ती." मागल्या दारी ओझरती दिसली. पाण्यानं भरलेलं घंगाळ ओढत होती. हाक मारली, तर तिनं आधी सासूकडे बघितलं.

३ एप्रिल

बाळकडे गेलो. 'चुकलो' एवढं म्हणाला असता, तरी तिथंच माफ केलं असतं.

"वहिनींनी पदर पसरला रे," तो म्हणाला. "तुझ्या हट्टापायी पोरीचं वाटोळं होईल, म्हणाल्या. मलाही पटलं."

"आणि माझ्या छातीत काय ऐकलंस तू?"

"काही नाही. उत्तम चाललं होतं."

घरी सगुणा तांदूळ निवडत होती. विचारलं. मान वर न करता म्हणाली, "हो, मीच सांगायला लावलं. एरवी ऐकलं असतंत का?"

तीन महिने हीच मला हाताला धरून उठवत होती! उशाशी बसून डोळे पुसत होती! ते रडणं कुठलं होतं? बाळ परका, त्याचं सोडून देईन. पण ही!

५ एप्रिल

शाळेत रुजू झालो. सगळे म्हणाले, देवाची कृपा.

९ एप्रिल

बोलत नाही. ती वाढते, मी जेवतो. आता तिला घराघरांतून हळदीकुंकवाची बोलावणी येतात. जात नाही.

१२ एप्रिल

ठाण्याहून कुणी आलं होतं, त्यांनी मालनचं काहीबाही सांगितलं. सगुणा दाराशी उभी राहून म्हणाली, "अहो, एकदा जाऊन येता का?"

"दिलीस तू. तूच बघ."

हे बोलून बरं वाटलं.

१६ एप्रिल

शाळेतून आलो तर स्वयंपाकघरात मालन! दोन्ही मनगटांवर चटके. उलथन्याचे.

सगुणा एकटी गाडीनं ठाण्याला गेली. जन्मात एकटी कुठं गेली नव्हती. वकिलांच्या दारात सगळ्यांदेखत सांगून आली — पोरीला नेते आहे, पुन्हा पाठवणार नाही. आता दावा लागेल, वाळीत टाकतील. सगळं तिला ठाऊक आहे.



"मला माफ करू नका हवं तर," ती म्हणाली. "पण आधी दाराला कडी घाला. ते मागोमाग येताहेत."