हरणाचा पंचनामा

संत लूकच्या सणाचा दिवस

आलो एकदाचा! मठातल्या ओलसर खोलीतून सुटका झाली आणि राजाच्या राखीव रानात, शिकारघरात, कारकून म्हणून रुजू झालो. माझी खोली स्वयंपाकघराच्या वर आहे, त्यामुळे तळपायाला ऊब लागते. मुख्य रखवालदार फुल्क दिलदार गडी वाटला. ईल माशाचं कालवण स्वतः वाढलं आणि म्हणाला, उपाशी कारकुनाचं अक्षर वाकडं येतं.

काम सोपं आहे. रानात हरिण मेलेलं सापडलं की जवळच्या चार गावांना बोलवायचं. मढं मधे, चार गावं चार बाजूंना. कोणी मारलं ते शपथेवर विचारायचं आणि मी पंचनामा लिहायचा. मला हसूच आलं. आमचे मठाधिपती वारले तेव्हाही इतकी माणसं जमली नव्हती.

चार दिवसांनी

पहिला पंचनामा झाला. मोठ्या शिंगांचा नर, बरगडीत बाण. सापडला वुलमारला. हा स्टोकली गावचा, रानाच्या कडेला कोळसा पाडतो. हरिण अजून धापा टाकतंय असं वाटून त्याने बाण उपसायला हात घातला, मग कायद्याप्रमाणे हाळी देऊन गाव गोळा केलं. फुल्क आला आणि त्याने आधी वुलमारचे हात पाहिले. हाताला रक्त म्हणजे गुन्हा शाबीत. तळघरात टाकला त्याला.

नेताना वुलमार माझ्याकडे वळून म्हणाला, "अहो कारकून, हाळी द्यायचा कायदा तुमचाच ना? दिली की मी."

मी पंचनाम्यात डोकं घातलं. राजाचे न्यायाधीश येईपर्यंत तो आत राहणार, आणि ते यापूर्वी आले त्याला सात वर्षं झाली. चार गावांतल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मला त्यांचाही राग आला. माझा तर आलाच.

आणखी सहा दिवसांनी, संत सायमनचा दिवस

वुलमार गेला. फुल्कला त्याच्याकडून कबुली हवी होती. वर माझ्या खोलीत मला नुसते आवाज ऐकू आले. नंतर फुल्क हात धुऊन आला आणि म्हणाला, मरणाचं कारण ताप लिही. मी ताप लिहिलं. शाई वाळेपर्यंत तो शेजारी उभा होता. मढं ओकच्या झाडांमागच्या खड्ड्यात टाकलं, वर पालापाचोळा. ना प्रार्थना, ना घंटा.

इतका संताप आलाय की जेवण जात नाही. पण संतापून करतो काय? बसून अक्षरं गिरवतो.

सर्वसंतांचा दिवस

वुलमारची बायको एल्वीवा दारात आली होती. रडली नाही. फुल्कने तिला कुत्री सोडण्याची धमकी दिली, तरी हलली नाही. तिला मढं हवं होतं. त्याने हाकललं तेव्हा तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं.

"हरिण मेलं तर चार गावं उभी करता. माझा माणूस मेला, त्याला कोण उभं राहणार?"

मी खिडकी लावून घेतली. मला माझी शिसारी आली.

सर्व मृतांचा दिवस

भर दुपारी ओकच्या झाडांकडे गेलो. खड्ड्याभोवती हरणं होती. चाळीस, पन्नास. चरत नव्हती, पळत नव्हती. चार कळप, चार बाजूंना, मधे मोकळी जागा. माद्या मागे, शिंगांचे नर पुढे, जशी गावातली म्हातारी माणसं पुढे उभी राहतात तशी.

फुल्कला सांगितलं. तो हसला. म्हणाला, राजाची हरणं आहेत, राजाच्या रानात कुठेही उभी राहतील.

हरणांचा दुसरा दिवस

फुल्क चाबूक घेऊन त्यांना हुसकायला गेला. मी मागे होतो. कुत्री वाटेतच पोट टेकून बसली, पुढे येईनात. हरणांनी फुल्कला वाट दिली. तो मधे गेला. वाट मिटली. मला फक्त पाठी दिसत होत्या. आवाज नाही, काही नाही.

पुन्हा वाट झाली तेव्हा तो खड्ड्याशी उताणा पडला होता. अंगावर ओरखडा नाही. डोळे उघडे. मेलेला.

मला वाईट वाटलं नाही. हे लिहून ठेवतो. बरं झालं, असंच वाटलं.

तिसरा

बाकीचे रखवालदार पहाटेच पळाले. हरणांनी त्यांना जाऊ दिलं. मला नाही. फाटकाशी गेलो तर शिंगं खाली झाली.

आता ती शिकारघराभोवती आहेत. चार बाजूंना चार कळप. मधे हे घर. घरात मी. म्हणजे मढ्याच्या जागी —

एल्वीवा त्यांच्यात उभी आहे. तिला कोणी काही करत नाही. मी वरून ओरडून विचारलं, यांना हवंय काय, गुन्हेगार तर मेला. ती म्हणाली, अजून पंचनामा झाला नाही, लिहिणारा आत बसलाय.

चौथा

नोंदीतला ताप हा शब्द खरवडून काढला. वुलमारला फुल्कने मारलं असं लिहिलं. खिडकीतून मोठ्याने वाचलं.

हलली नाहीत.

पुन्हा वाचलं. फुल्कचं नाव, मारल्याचा दिवस, सगळं. एक नर दोन पावलं पुढे आला. बस्स.

काय हवंय अजून? मी लिहिलं ना! मी एकटाच तर बोललो, चार गावं गप्प बसली तेव्हा —

नाही. तेव्हा मीही गप्प होतो.

दुपार

जिन्यावर खुरांचे आवाज. सावकाश. घाई नाही त्यांना.

लिहितो. खरं लिहितो. या वहीतही मी खोटंच लिहिलं. वुलमार गेला त्या दिवशी मी वर नव्हतो. तळघराच्या दाराबाहेर होतो. वुलमार आतून दाराशी आला होता, फुल्कच्या हातून सुटून, दार ढकलत होता. म्हणाला, कारकून, उघडा. दाराच्या अडसरावर माझा हात होता. एवढासा लाकडाचा तुकडा. काढला असता तर तो जगला असता. मी तो —